बाबा म्हणाले की

ग्रीसमधल्या आमच्या किपारिसियात थेआनोबाईंच्या हाताखालून गेलेलं पोर इंग्रजीच्या 'लोअर' परीक्षेत नापास झालं, असं कोणी सांगितलं तर खुशाल समजावं की सांगणारा परगावचा आहे. इंग्रजीच्या खाजगी शिकवण्या आमच्याकडे पायलीला पन्नास. दर कोपऱ्यावर एक पाटी, आणि लोअरचं प्रमाणपत्र नसलेल्या पोराकडे शेजारीपाजारी असे बघतात की जणू त्याला गोवर आलाय. पण आया आधी चौकशी करायच्या ती थेआनोबाईंकडे जागा आहे का याचीच. त्यातून, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं हा जो धडा असतो, जिथे भली भली पोरं तोंड वाकडं करतात, तो शिकवावा तर त्याच बाईने.

"घाबरायचं काय आहे त्यात?" फळ्यापाशी कंबरेवर हात ठेवून ती म्हणायची. "बोलणारा उठून गेला. आता त्याचा 'मी' तुमच्या तोंडात कसा राहील? त्याचा 'तो' करा. 'आज'चं 'त्या दिवशी' करा, 'इथे'चं 'तिथे' करा. आणि क्रियापद एक पाऊल मागे घ्या. बोलणं शिळं झालंय, ते ताजं म्हणून वाढू नका. झालं! चल इलेक्त्रा, तू बोल. आणि झिसिस, तू सांग."

इलेक्त्रा इंग्रजीत म्हणाली, मला भूक लागली आहे.

झिसिस म्हणाला, "ती म्हणाली की तिला भूक लागली होती. पण बाई, तिला अजूनही लागलीच आहे!"

वर्ग फिदीफिदी हसला. "असेल," थेआनो म्हणाली, "पण परीक्षकाला तिच्या पोटाशी काय करायचंय? पुढचं वाक्य घ्या."

ही विद्या तिने काही विद्यापीठात मिळवलेली नव्हती. ती तिच्या घरचीच होती, आणि गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या आजोबांची दुमजली इमारत आहे. खाली दोन दुकानं. उजवीकडे तिच्या बाबांचं, म्हणजे स्टाथिसचं, रंग, कुलपं आणि खिळ्यांचं. डावीकडे थोरल्या काकाचं, आर्गिरिसचं, बियाणं आणि कोंबड्यांच्या खाद्याचं. वरच्या मजल्यावर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क, आणि तिथेच थेआनोची शाळा. तिच्याकडे भाडं कधी कोणी मागितलं नाही. मागायचं तर दोघा भावांना आधी आपसात बोलावं लागलं असतं, आणि थेआनो दुसरीत असल्यापासून ते दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण विचाराल तर हसाल. आजोबा वारल्यावर चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये उकडलेल्या गव्हाची परात न्यायची असते, वर साखर, डाळिंबाचे दाणे आणि मधोमध क्रूस. ती थोरल्याने बेकरीत सांगितली. धाकट्यानेही सांगितली. एका म्हाताऱ्यासाठी दोन पराती आल्या, आणि पाद्रीबाबाने भर चर्चमध्ये विचारलं, "दुसरे कोण वारले?" लोक तोंडावर हात दाबून हसले. दोन्ही भावांना वाटलं की दुसऱ्याने आपली मुद्दाम शोभा केली. त्या दिवसापासून त्यांचा साधा रामराम बंद झाला. एक निळ्या खुर्च्यांच्या कॉफीघरात बसू लागला आणि दुसरा हिरव्या. आमच्या गावात अशी भांडणं मुरंब्यासारखी जपतात.

पण भिंत एक, नळ एक, विजेचा मीटर एक. निरोप तर द्यावेच लागत. मग हाक यायची, "थेआनो! त्याला सांग."

"त्याला सांग, तो त्याचा खटारा माझ्या दारातून काढ म्हणावं, नाहीतर चारही टायर फोडीन, गाढव कुठला!"

तेवढीशी पोर दोन दारांमधलं अंतर चालून जायची आणि काकापुढे उभी राहून म्हणायची, "बाबा म्हणाले की ट्रक थोडा पुढे घेतलात तर बरं होईल." गाढव वाटेतच कुठेतरी गळून पडायचं. काका ट्रक पुढे घ्यायचा. पोरीला कळलं की आपल्या जिभेत जादू आहे, आणि एकदा का असं काही कळलं की माणूस ते सोडतो होय? चाळिशी ओलांडली तरी ती तेच करत होती, आणि मोठ्या तोऱ्यात करत होती. गाव म्हणायचं, ही पोरगी आहे म्हणून त्या इमारतीत अजून रक्त सांडलं नाही. तिलाही तसंच वाटायचं.

आणि मग पात्रासहून दिकेआकोस नावाचा हॉटेलवाला आला. चकचकीत बूट, त्याहून चकचकीत दात. थेट जिना चढून वर्गात.

"बाई, अख्खी इमारत विकत घ्यायची म्हणतोय. पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या. कॉफीघरात म्हणाले, दोघांच्या सह्या लागतील आणि दोघांशी बोलायचं तर आधी तुमच्याशी बोलावं लागेल."

"बरोबरच सांगितलं," थेआनो म्हणाली. चेहऱ्यावर तिने रेघही उमटू दिली नाही. शाळा म्हणजे तिचा जीव होता. तिथला फळा, तिथले बाक, खिडकीतून दिसणारा समुद्र, सगळं तिने स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. पण काळजी कसली? हे दोघे आज वार कोणता यावरही एक व्हायचे नाहीत, ते विकण्यावर होतील? "विचारते मी. पण तुम्ही जेवण करून परतीच्या बसला बसा. दोन नकार आहेत, ते मी आत्ताच देऊन टाकते."

खाली न विचारता ती तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण निरोप न पोचवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती खाली गेली.

स्टाथिस काठीने रंग ढवळत होता. ऐकल्याबरोबर काठी उगारून म्हणाला, "विकायची? हे त्या गाढवाचंच काम! त्यानेच हे जनावर गावात आणलं असणार. सांग त्याला, एवढी भूक लागली असेल तर स्वतःचं कातडं सोलून वीक म्हणावं!"

थेआनो बाहेर पडली. चार पावलांत तिने वाक्य धुतलं, पिळलं, वाळवलं. डावीकडच्या दुकानात काका पोत्यातून मका काढत होता.

"काका, बाबा म्हणाले की तुम्हाला गरज असेल, तर तुमच्या वाट्याचं काय करायचं ते तुमच्या हातात आहे."

काकाचा हात पोत्यातच राहिला. "असं म्हणाला? स्टाथिस?" तो हळूच पोत्यावर टेकला. "म्हणजे त्यालाच विकायचीय. लाजतोय बोलायला. गावाबाहेर ते मोठं दुकान निघालं, त्याने त्याचा रंगाचा धंदा खाल्ला, मला दिसत नाही का? दिवसभर माशा मारतो."

"तसं नाही हो काका."

"तू गप्प. भाऊ माझा आहे. सांग त्याला, भिकाऱ्याच्या वाटेत मी आडवा पडत नाही. सही पाहिजे ना? ने म्हणावं सही, आणि कर म्हणावं चैन!"

आता इथे थेआनोने थांबायला हवं होतं. पण सवय मोठी वाईट. शिवाय तिला वाटलं, काका विकायला तयार म्हटल्यावर बाबा हटकून उलट बोलणार आणि विषय तिथेच संपणार. ती उजवीकडे गेली आणि म्हणाली, "काका म्हणाले की ते तुमच्या आड येणार नाहीत."

स्टाथिसची काठी थांबली. "आड येणार नाही? आर्गिरिस? जन्मात कधी आड आल्याशिवाय राहिला नाही तो." त्याने काठी निळ्या रंगाच्या डब्यावर आडवी ठेवली. "थकला गं तो. एकटा पडलाय. कालामाताला भाचीकडे जायचं असणार, आणि हातात पैसा नाही. बरं. सांग त्याला, करतो मी सही. घे म्हणावं आणि गीळ म्हणावं एकदाची!"

आता थेआनोचे डोळे उघडले. दोघांनाही विकायची नव्हती आणि दोघेही विकायला निघाले होते, एकमेकांवर उपकार करायला! आणि हा घोळ दुसऱ्या कोणी घातलेला नव्हता.

"बाबा, काकांना विकायची नाहीये."

"मग आड येणार नाही असं का म्हणाला?"

"ते तसं म्हणाले नव्हते. मी जरा सौम्य करून सांगितलं."

स्टाथिसने तिच्या खांद्यावर रंगाचा हात ठेवला. "पोरी, आजवर एक तरी निरोप तू चुकीचा आणलास? नाही ना? शाळा जाईल म्हणून तुझा जीव तुटतोय, मला कळतं. दुसरी जागा बघू आपण. पण त्या म्हाताऱ्याला म्हातारपणी माझ्यापायी अडकवून ठेवायचं, हे माझ्याने व्हायचं नाही."

डावीकडेही तीच गत. "शाळेसाठी बोलतेस तू," काका मका चाळत म्हणाला. "बोल बोल. पण निरोप म्हणून नको आणूस." थेआनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याचं म्हणून जे काही तिने आजवर सांगितलं ते सोन्याच्या मोलाने गेलं, आणि आज स्वतःचं म्हणून काही सांगायला गेली तर कोणी कवडी देईना.

दिकेआकोस परतीच्या बसला बसला नाही, हे सांगायला नकोच. त्याने नोटरीकडची तारीखही घेतली.

पण थेआनो काही हातपाय गाळणारी बाई नव्हे. रात्रभर तळमळली आणि सकाळी उठून केस घट्ट बांधले तेव्हा तिच्या डोक्यात सगळं स्पष्ट होतं. आमच्याकडे नोटरी खरेदीखत नुसतं पुढे सरकवत नाही. ती ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते, अक्षर न् अक्षर, आणि मग प्रत्येकाला तोंडाने विचारते की हे मान्य आहे का. म्हणजे परातींच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच दोघे भाऊ एका टेबलाशी बसणार होते. तिला तेवढंच पुरे होतं. "बघतेच आता," ती आरशाला म्हणाली.

नोटरी पोलिदोरूबाई म्हणजे चष्म्यावरून बघणारी कडक बाई. दोघे भाऊ चर्चला जायच्या कोटात आलेले. एकाने खिडकीकडे तोंड केलं, दुसऱ्याने कपाटाकडे, आणि मधल्या खुर्चीत थेआनो. दिकेआकोस पलीकडे दात दाखवत बसलेला. बाईंनी खत वाचलं. संपल्यावर चष्मा काढला.

"श्री. स्टाथिस, आपल्याला हे मान्य आहे?"

स्टाथिस थेआनोकडे झुकला. "सांग तिला, त्याला मान्य असेल तर मला आहे."

कपाटाकडून आवाज आला, "सांग त्याला, त्याच्यासाठीच तर आलोय मी."

"माझ्याकडे निरोप चालत नाहीत," पोलिदोरूबाई म्हणाल्या. "ज्याने त्याने आपल्या तोंडाने बोलायचं."

"अगदी बरोबर," असं म्हणून थेआनो उठली. "पण त्याआधी माझ्याकडे दोन निरोप राहिलेत. ते मी आज जसेच्या तसे देते. तो नाही, ते नाही, मागे नाही, पुढे नाही." तिने खुर्ची सरकवली आणि काकासमोर उभी राहिली. स्टाथिससारखीच मान पुढे काढली, तसाच हात उगारला, आणि नोटरीच्या कचेरीत ओरडली, "एवढी भूक लागली असेल तर स्वतःचं कातडं सोलून वीक, गाढवा!"

पोलिदोरूबाईंचं पेन जागच्या जागी थबकलं. आणि काकाला श्वास घ्यायलाही वेळ न देता थेआनो बाबांकडे वळली. "आणि हे तुमच्यासाठी. भिकाऱ्याच्या वाटेत मी आडवा पडत नाही! ने सही आणि कर चैन!"



"भिकारी?" स्टाथिस उठला. पण थेआनोकडे त्याने बघितलंही नाही. तो कपाटाकडे बघत होता. "भिकारी कोणाला म्हणतोस रे?"

"आणि तू कातडं कोणाचं सोलतोस?" आर्गिरिस टेबलावर मूठ आपटून उभा राहिला. "मोठ्या भावाचं?"

"मोठा? अक्कल कुठेय मोठ्याची? विकायला कोण निघालंय?"

"तू!"

"मी? मी मेल्यावर!"

"मग इथे काय झक मारायला आलास?"

"तुला पैसा हवाय म्हणून आलो, भाचीकडे जायला!"

"भाचीकडे? त्या कजाग बाईकडे? त्यापेक्षा मी कोंबड्यांमध्ये झोपेन! तुझं दुकान बसलं म्हणून मी आलो, हरामखोरा, तुझ्यासाठी!"

"सभ्य गृहस्थहो," दिकेआकोस म्हणाला, "आपण जरा..."

"तू गप्प बस!" दोघे एकदमच ओरडले.

पोलिदोरूबाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ खतं फाडलेली असणार, पण हे खत फाडताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, असं निदान थेआनोला तरी वाटलं. दिकेआकोस बॅग आवळून निघून गेला. शाळा वाचली! थेआनोच्या अंगात वारं शिरलं. कशी मात केली बघा एकेकावर, असं म्हणून तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. भावांचं चालूच होतं. ट्रक निघाला, पाण्याचा नळ निघाला, परातीही निघाल्या. गाढवं, डुकरं, खेचरं, इतक्या वर्षांत वाटेत गळून पडलेली सगळी जनावरं त्या कचेरीत परत गोळा झाली. दोघांच्या कानशिलांवर रक्त चढलं होतं, पण दोघेही असे तजेलदार दिसत होते की बघत राहावं.

आणि मग आर्गिरिस मधेच थांबला.  तो हळूहळू थेआनोकडे वळला.

"म्हणजे तू बदलून सांगायचीस."

"थोडंसं, काका. भांडण वाढू नये म्हणून."

"नेहमीच?"

थेआनोने खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली.

"कालिरोई गेली तेव्हाचं?" काकाचा आवाज एकदम खाली आला. कालिरोई म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. "हा माझ्या दारात आला नाही. शटर पाडून आत बसून राहिला. तू आलीस. म्हणालीस, बाबा म्हणाले की ती त्यांना बहिणीपेक्षा जास्त होती, घराचा दिवा गेला, आणि तुमच्यासमोर यायला त्यांना तोंड नाही. त्या एका निरोपावर मी तो हिवाळा काढला, थेआनो. रात्री उठून तेवढंच आठवायचो. हा असं म्हणाला होता का?"

  शटरच्या आत स्टाथिस अवाक्षर बोलला नव्हता. ते सगळं तिचं होतं. तिने बाबांकडे बघितलं. त्यांनी ती वाक्यं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती, आणि ती कोणाची होती ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. स्टाथिसला वाचता येत होतं.

"म्हणालो होतो," तो म्हणाला.

"मग म्हण," काका म्हणाला. "तुझ्या तोंडाने म्हण. मी समोर आहे."

स्टाथिस खुर्चीत बसला. कोटाच्या बाहीवर रंगाचा डाग होता, तो नखाने खरवडू लागला. डाग काही निघेना.

"शुक्रवारी मसुराची आमटी पाठवायची ती मला," तो म्हणाला. "मागच्या पायरीवर ठेवून जायची. तुझ्या चोरून."

"मला ठाऊक होतं."

"व्हिनेगर फार घालायची."

"फारच घालायची. तोंड पोळायचं."

"ती गेली त्या शुक्रवारी मी आत बसलो होतो. मला वाटलं, वेळ झाली, आता पायरीवर भांडं वाजेल. जेवणाची वेळ टळून गेली तरी मी बसलोच होतो." तो अजून डागच खरवडत होता. "त्यानंतर मसूर तोंडात घातला नाही मी. घरात शिजवू देत नाही. विचार हिला."

थेआनोने मान हलवली. खरं होतं ते. बाबांना मसूर पचत नाही असं ती इतकी वर्षं समजत होती.

काकाने कोटाच्या खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, घडी घालून परत ठेवला.

"ही जे घेऊन आली होती, ते असं नव्हतं," तो म्हणाला.

"मास्तरीण आहे ती," स्टाथिस म्हणाला. "तिने नीटनेटकं करून सांगितलं असणार."

"मग बिघडवलं तिने."

हे ऐकून थेआनोला रडू फुटलं. पकडली गेली याचं तिला काहीच वाटत नव्हतं. तिला आठवत होतं ते त्या दिवशीचं बंद शटर. आतून काही आवाज येईना म्हणून ती जेमतेम एक कॉफी संपेपर्यंत तिथे थांबली होती. मग स्वतःच एक सुरेख वाक्य जुळवलं आणि डावीकडच्या दारात गेली. तिला वाटलं होतं, बाबांकडे सांगण्यासारखं काही नाही.